कृपादान ओळखायचे कोणी? कावेरीकाठच्या मंडळींचा आढावा

ख्रिस्ती मंडळीत जवळजवळ प्रत्येक पिढी एक प्रश्न नव्याने विचारते. पवित्र आत्म्याने मला कोणते कृपादान दिले आहे, ते मला कसे कळेल आणि कळल्यावर मी ते कुठे वापरू? युवक शिबिरांत, रिट्रीटमध्ये, पाळकांच्या अभ्यासवर्गांत हा विषय हमखास असतो. त्यावर पुस्तके आहेत, प्रवचनमाला आहेत, छापील प्रश्नावल्या आहेत. बहुतेक ठिकाणी शोध माणसाच्या मनापासून सुरू होतो. तुला काय आवडते, काय जमते, कशात समाधान वाटते, असे विचारले जाते. या लेखात मला हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने तपासायचा आहे. दान मिळाले त्याने ते ओळखायचे, की ज्या मंडळीसाठी ते दिले गेले त्या मंडळीने?

तपासणीसाठी मी कुंभकोणम आणि त्याच्या आसपासचा कावेरीचा त्रिभुज प्रदेश निवडला आहे. मराठी वाचकाला कुंभकोणम माहीत असते ते देवळांमुळे, महामहमच्या तलावामुळे, गणिती रामानुजनमुळे. हे शहर तंजावरच्या मराठी राज्यात होते आणि सर टी. माधवराव यांच्यासारखा मराठी घराण्यातला मुत्सद्दी इथेच जन्मला, हेही काहींना ठाऊक असते. याच शहरात कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. १ सप्टेंबर १८९९ रोजी पाँडिचेरीच्या महाधर्मप्रांतातून काही भाग वेगळा काढून तो स्थापन झाला. पूर्वेला समुद्रकाठी तरंगंबाडी आहे. भारतातले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ १७०६ साली तिथे उतरले. पश्चिमेला तंजावर, उत्तरेला कोल्लिडम नदीपलीकडे जेझुइट कवी वीरमामुनिवरांचे एलाकुरिची. जेझुइट, लुथरन, अँग्लिकन, पेन्टेकॉस्टल, करिश्मॅटिक असे सगळे प्रवाह तीनशे वर्षांत या मुलखातून वाहून गेले. कृपादानांचा प्रश्न इथे पुस्तकात राहिला नाही, तो गावागावांत जगला गेला.

करिंथचे जेवण

आधी मूळ ग्रंथ पाहू. नव्या करारात कृपादानांच्या याद्या चार ठिकाणी येतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात सात दाने आहेत. त्यांत संदेश देणे आणि शिकवणे यांच्याबरोबर सेवा, उदार हाताने देणे आणि दया करणेही आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात सुरुवातीला नऊ दाने येतात. ज्ञानाचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, आत्म्यांची पारख, अन्य भाषा आणि त्यांचा अर्थ सांगणे ही त्यांतली काही. त्याच अध्यायाच्या शेवटी यादी पुन्हा येते, तेव्हा तिच्यात साहाय्य करणे आणि कारभार पाहणे यांची भर पडते. इफिसकरांस पत्रात दानाऐवजी माणसांचीच यादी आहे: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर बोलणे आणि सेवा करणे एवढे दोनच प्रकार उरतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यादी पुरी करणे हा लेखकांचा हेतू नव्हता. तरीही नंतरच्या काळात दाने नेमकी किती, यावर फार शाई खर्च झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट करिंथकरांस पहिल्या पत्राच्या मागच्याच अध्यायात आहे आणि तिच्याकडे बहुतेक शिबिरांत लक्ष जात नाही. दानांची चर्चा सुरू करण्यापूर्वी, ११व्या अध्यायात, पौल करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाच्या वेळच्या वागण्यावरून खडसावतो. ज्यांच्याकडे आहे ते आधी खाऊन घेतात आणि ज्यांच्याकडे नाही ते उपाशी राहतात, लाजवले जातात. त्यानंतर लगेच तो शरीराचा दाखला देतो आणि जे अवयव दुर्बळ वाटतात तेच अधिक गरजेचे आहेत असे सांगतो. १३व्या अध्यायात प्रीतीला सगळ्या दानांच्या वर ठेवतो. १४व्यात सभेची शिस्त घालून देतो: दोघा-तिघांनी बोलावे आणि बाकीच्यांनी पारख करावी. म्हणजे कृपादानांची शिकवण आली ती पंगतीत कोणाला कुठे बसवले जाते या भांडणातून. हा संदर्भ सोडला की कृपादान हा व्यक्तिमत्त्व विकासाचा विषय होतो. तो धरून ठेवला की तो न्यायाचा विषय होतो.

दाने संपली की चालू आहेत?

यानंतर चर्चच्या इतिहासात दोन भूमिका दिसतात. पहिली अशी की भाषा, संदेश आणि आरोग्य ही चमत्काराची दाने प्रेषितांच्या काळापुरती होती. ४थ्या शतकात योहान क्रिसोस्तोम करिंथकरांस पत्रावर प्रवचन देताना सांगतो की हा भाग आता नीट कळत नाही, कारण तेव्हा घडत होते ते आता घडत नाही. ऑगस्टीनचेही आधी हेच मत होते, पण उतारवयात आपल्या परिसरात लोक बरे झाल्याच्या हकिकती त्याने स्वतः नोंदवून ठेवल्या. प्रॉटेस्टंटांमध्ये ही भूमिका अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ साली सर्वांत नेटाने मांडली.

दुसरी भूमिका दाने कधीच थांबली नाहीत असे मानते. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून जी पेन्टेकॉस्टल लाट उठली तिने ही भूमिका जगभर नेली. कॅथलिक चर्चमध्ये याच विषयावर ऑक्टोबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, उघड वाद झाला. इटलीचे कार्डिनल रुफ्फिनी म्हणाले की अशी दाने आता दुर्मीळ आहेत. बेल्जियमचे कार्डिनल सुएनेन्स यांनी उत्तर दिले की दान प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला असते, शिकलेल्यालाही आणि अशिक्षितालाही. परिषदेने सुएनेन्स यांची बाजू घेतली. १९६४च्या चर्चविषयक दस्तऐवजात थोर दानांबरोबर साधी, सर्वत्र आढळणारी दानेही मान्य झाली आणि त्यांची पारख करण्याची जबाबदारी धर्माधिकाऱ्यांवर टाकताना आत्म्याला विझवू नका, अशी ताकीदही त्यांनाच दिली गेली.

माझ्या मते दुसरी भूमिका ग्रंथाशी अधिक प्रामाणिक आहे. पण ती स्वीकारल्याने प्रश्न संपत नाही. दान सर्वांना असते असे म्हणणे सोपे आहे. ते कोणात आहे हे मान्य करण्याची वेळ आली की मंडळीची परीक्षा होते.

उपदेशी, शिपाई आणि कवी

कावेरीच्या खोऱ्यात ही परीक्षा १८व्या शतकातच सुरू झाली. कोन्स्तान्झो बेस्की हे इटालियन जेझुइट, तमिळ लोक त्यांना वीरमामुनिवर म्हणतात. एलाकुरिचीला त्यांनी अडैकल माता, म्हणजे आश्रय देणाऱ्या मातेचे, चर्च उभारले. आज ते कुंभकोणम धर्मप्रांतात आहे. ‘तेंबावणी’ या महाकाव्यामुळे तमिळ साहित्यात त्यांचे स्थान कायमचे आहे. त्यांचे आणखी एक पुस्तक आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ‘वेदियर ओळुक्कम’ हे गावोगावच्या उपदेशींसाठी, म्हणजे कॅटेकिस्टांसाठी, तमिळ गद्यात लिहिलेले मार्गदर्शन आहे. धर्मगुरू मोजके होते, गावे दूर होती. प्रार्थना चालवणे, मुलांना शिकवणे, मरणासन्न माणसाजवळ बसणे, भांडणे मिटवणे ही कामे उपदेशीच करत. त्यांची निवड गावातूनच होई. ज्याच्याकडे लोक अडचणीत आपणहून जात, त्याच्याकडेच बहुधा हे काम येई. १७७३ साली पोपने जेझुइट संघ बरखास्त केला आणि मिशनरींची संख्या आणखी आटली, तेव्हाही हे समाज टिकले त्यात या उपदेशींचा वाटा मोठा होता. शिकवण्याचे आणि सांभाळण्याचे दान तिथे कोणी प्रश्नावली भरून शोधले नव्हते. गरज उभी राहिली, कोणीतरी पुढे झाले आणि गावाने त्याला मान दिला.

लुथरन मिशनमधली राजनायकनची कथा मात्र या आढाव्याच्या मध्यभागी ठेवावी अशी आहे. राजनायकन तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेत होता. जन्माने कॅथलिक, जातीने परैयर. तरंगंबाडीला छापलेला तमिळ नवा करार वाचून तो लुथरन मिशनकडे आला आणि १७७१ साली मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, तंजावरच्या मुलखात उपदेशी म्हणून फिरला. छळ सोसला, माणसे जोडली. त्याच्या दानाबद्दल मिशनरींच्या मनात शंका नव्हती. पण तमिळ माणसाला पाळक म्हणून दीक्षा देण्याची वेळ आली तेव्हा २८ डिसेंबर १७३३ रोजी ती आरोन या वेल्लाळ जातीच्या उपदेशीला मिळाली. आरोनची योग्यता कमी नव्हती. पुढे दुसऱ्या पाळकाची निवड झाली तेव्हाही राजनायकनचे नाव मागे पडले. कारण उघड बोलले गेले होते: परैयर पाळकाच्या हातून वरच्या जातीचे ख्रिस्ती लोक प्रभुभोजन घेणार नाहीत.

करिंथची पंगत इथे पुन्हा मांडली गेली. दान ओळखले गेले, वापरलेही गेले, पण त्याला जागा दिली गेली नाही. राजनायकन जन्मभर उपदेशीच राहिला.

तंजावरचा दुसरा मोठा माणूस वेदनायगम शास्त्री. जन्म १७७४चा, तिरुनेलवेलीकडचा. मिशनरी क्रिश्चियन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांनी या मुलाला ओळखले आणि तंजावरला आणले. श्वार्ट्झच्या छायेखाली शिकलेला दुसरा विद्यार्थी म्हणजे पुढे राजा झालेले सरफोजी दुसरे. सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहामुळे मराठी माणसाला ते परिचित आहेत. १७९८ साली श्वार्ट्झ वारले तेव्हा सरफोजींनी इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले, ते आजही तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. वेदनायगम शास्त्रींनी दरबारात आणि देवळात रुळलेले काव्यप्रकार ख्रिस्ती कथेसाठी वापरले. ‘बेत्लेहेम कुरवंजी’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांची पदे तमिळ मंडळ्या आजही गातात. नव्या मिशनरींना हे तमिळ रूप पसंत नव्हते. वाद वाढला, शास्त्रींचा मिशनशी संबंध तुटला आणि सरफोजींनी त्यांना आश्रय दिला. मंडळीच्या व्यवस्थेला जे दान पेलले नाही ते ख्रिस्ती नसलेल्या मराठी राजाने जपले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच वेदनायगम शास्त्रींनी मंडळीत जातीनुसार वेगळे बसण्याच्या रिवाजाचे समर्थन केले. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतला जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरचे अनेक वेल्लाळ ख्रिस्ती मंडळीपासून दुरावले. एका माणसात खरे दान आणि खरी आंधळी जागा एकत्र असू शकते. दान असणे म्हणजे सर्व बाबतींत बरोबर असणे नव्हे. म्हणून दानवंत माणसालाही पारख लागते.

व्यासपीठाबाहेरची दाने

कृपादान म्हटले की डोळ्यांपुढे प्रवचन, गायन आणि आजाऱ्यावर हात ठेवणे येते. रोमकरांस पत्रातली देणे आणि दया करणे ही दाने मागे राहतात. कुंभकोणमच्या पूर्वेला मायवरम, आजचे मयिलाडुतुरै. तिथले मुन्सिफ वेदनायगम पिळ्ळै (१८२६–१८८९) हे श्रद्धावान कॅथलिक. ‘प्रतापमुदलियार चरित्रम’ (१८७९) ही त्यांची कादंबरी तमिळमधली पहिली मानली जाते. त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू पद्यात मांडली आणि १८७६–७८च्या दुष्काळात आपली कमाई उपाशी लोकांसाठी खर्च केली. गोपालकृष्ण भारती या शैव कीर्तनकाराने त्यांच्या औदार्याचे गुण गायले. ज्याचे दान धर्माच्या सीमेबाहेरच्या माणसालाही दिसले, त्याच्याबद्दल मंडळीने वेगळा पुरावा मागायची गरज नाही.

तंजावरचे अब्राहम पंडितर (१८५९–१९१९) शिक्षक होते आणि सिद्ध वैद्य होते. औषधांतून मिळालेला पैसा त्यांनी संगीताच्या अभ्यासात घातला, १९१२ पासून संगीत परिषदा भरवल्या आणि १९१७ साली ‘करुणामिर्त सागरम्’ हा तमिळ संगीतावरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्यकी, दानशूरपणा आणि विद्या यांचा असा मेळ कोणत्याही यादीत बसत नाही, पण मंडळीची आणि समाजाची उभारणी या कसोटीवर तो पुरेपूर उतरतो.

स्त्रियांची दाने ओळखायला तर आणखी वेळ लागला. १८४४ साली पाँडिचेरीत लुई द्युप्वी या फ्रेंच धर्मगुरूंनी मुलींना शिकवण्यासाठी तमिळ भगिनींचा संघ सुरू केला. कुंभकोणमचा मुलूख तेव्हा पाँडिचेरीच्याच अधिकारात होता. मुलींना अक्षर शिकवणे चांगल्या घरात अयोग्य समजले जाई, त्या काळात तरुण तमिळ स्त्रियांना शिक्षिका म्हणून उभे करणे हे धाडस होते. शिकवण्याचे दान त्या स्त्रियांत आधीही होते. फरक पडला तो कोणीतरी वर्ग उघडल्यामुळे.

दोन जागृती आणि त्यांची पारख

आता भाषा, दर्शन आणि संदेश या दानांकडे येऊ. अझुसा स्ट्रीटच्या जवळजवळ अर्धे शतक आधी, १८६० साली, तिरुनेलवेली भागात जॉन क्रिश्चियन अरुलप्पन (१८१०–१८६७) यांच्या मंडळ्यांत जागृती झाली. अरुलप्पन हे मिशनरी ऱ्हेनियस यांच्या हाताखाली शिकलेले उपदेशी. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज या मिशनरींच्या सहवासातून त्यांनी परदेशी पगाराशिवाय काम करायचे ठरवले आणि ‘क्रिश्चियनपेट्टै’ हे गाव वसवले. त्या वर्षीच्या नोंदींत पापाची कबुली, अन्य भाषा, दर्शने, संदेश आहेत आणि त्यांत स्त्रियाही आहेत. तमिळ माणसे स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पुढाकाराने सुवार्तेसाठी बाहेर पडली, हे त्या जागृतीचे टिकाऊ फळ.

तीच लाट १८७०च्या दशकात त्रावणकोरला पोहोचली आणि तिथे तिला वेगळे वळण लागले. तमिळ ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झालेले जस्टस जोसेफ हे विद्वान कवी तिचे पुढारी झाले. ख्रिस्ताचे पुनरागमन १८८१ साली होणार, असे त्यांच्या गटाने जाहीर केले. ते वर्ष आले आणि गेले. त्यांची भजने मल्याळी मंडळ्यांत टिकली, भविष्यवाणी मात्र खोटी ठरली. एकाच माणसाच्या दोन दानांपैकी एक खरे आणि एक खोटे निघाले, कारण दुसऱ्याची पारख करायला सभोवती कोणी मोकळेपणाने उभे राहिले नाही.

मराठी वाचकाला इथे केडगावची आठवण होणारच. १९०५च्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये रोजच्या प्रार्थनेचा गट सुरू केला आणि जूनअखेरीस मुलींमध्ये जागृती झाली. रडणे, कबुली, तासन्‌तास प्रार्थना आणि पुढे अन्य भाषा. बाहेरून टीका झाली. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली, त्याच वेळी अन्य भाषा हीच आत्म्याच्या भरणीची एकमेव खूण मानायला त्या तयार झाल्या नाहीत. जागृती झालेल्या मुली आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या आणि परत येऊन शेत, माग, छापखाना यांवर कामाला लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्ण बाहेर आले. दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचवलेल्या मुलींचे हात त्या कामात होते. ज्यांना समाजाने अपशकुनी ठरवले होते त्यांच्यात दान आहे असे धरून रमाबाईंनी संस्था उभारली. माझ्या माहितीत कृपादानांच्या शिकवणीचा मराठीत याहून मोठा प्रयोग झालेला नाही.

दुसरे मराठी उदाहरण टिळक दांपत्याचे. नारायण वामन टिळकांचे कवित्व सर्वांना ठाऊक होते. लक्ष्मीबाईंचे दान मात्र उशिरा प्रकट झाले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही, सोवळ्याओवळ्यात वाढलेले मन, जात सोडायला लागलेली वर्षे. १९१९ साली टिळक गेले आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. त्याचा उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला आणि ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी गद्याचे भूषण ठरले. त्यांना तरुणपणी एखादी प्रश्नावली भरायला दिली असती तर लेखन या रकान्यापुढे काही लिहिले गेले असते असे वाटत नाही. काम अर्धवट पडले होते, ते उचलताना दान सापडले.

आजच्या पद्धती

गेल्या पन्नास वर्षांत शोधाच्या तीन पद्धती रूढ झाल्या. पहिली प्रश्नावलीची. अमेरिकेतले सी. पीटर वॅग्नर यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात सत्तावीस दाने मांडली आणि त्यांच्यासारख्यांच्या प्रश्नावल्या भाषांतरित होऊन जगभरच्या मंडळ्यांत गेल्या. मागच्या बाकावरचा माणूसही आपल्याला काही दिले गेले आहे का, असा विचार करू लागतो, हा त्यांचा लाभ. पण ज्याला कधी बोलू दिले नाही तो मला शिकवायला जमते या वाक्यापुढे खूण करणार नाही. प्रश्नावली माणसाला मिळालेली संधी मोजते आणि तिलाच दान समजते.

दुसरी पद्धत करिश्मॅटिक मेळाव्यांची. कॅथलिक करिश्मॅटिक चळवळ १९६७ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९७०च्या दशकात मुंबईसह भारतात पसरली. तमिळनाडूत प्रॉटेस्टंट बाजूला डी. जी. एस. दिनकरन यांच्यासारख्यांच्या आरोग्यसभांना प्रचंड गर्दी होई. या मेळाव्यांनी साध्या माणसांना मोठ्याने प्रार्थना करायला शिकवले, व्यसने सोडवली, खचलेल्यांना उभे केले. धोका दानाभोवती व्यक्ती आणि व्यक्तीभोवती पैसा जमण्याचा आहे. त्यावर उपाय नवा नाही. ‘दिदाखे’ या आरंभीच्या काळातील ख्रिस्ती पुस्तिकेत फिरत्या उपदेशकाची कसोटी दिली आहे: तो तीन दिवस मुक्काम ठोकून बसला किंवा पैसे मागू लागला तर त्याला खोटा समजावे. हाच नियम आजही पुरेसा आहे. आरोग्याच्या दानाबद्दल एवढे जोडतो की वेल्लूरला आयडा स्कडर यांनी आणि मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी उभारलेली रुग्णालये हेही त्याच दानाचे रूप आहे. प्रार्थना आणि औषध यांत निवड करायला लावणारा उपदेशक मंडळीचे नुकसान करतो.

तिसरी पद्धत मला सर्वांत आशादायक वाटते. तमिळनाडूच्या कॅथलिक धर्मग्रामांत ‘अन्बियम’ नावाचे गट आहेत. शेजारची पंचवीस-तीस घरे एकत्र येतात, कोणाच्या तरी घरी बायबल वाचतात, आजारी कोण, नोकरी कोणाची गेली, मुलीची फी कोणाची राहिली, हे बोलतात आणि कामे वाटून घेतात. वसई-मुंबईकडच्या लहान ख्रिस्ती समूहांची रीतही हीच. इतक्या छोट्या गटात कोणाला धीर देता येतो, कोण गुपित राखतो, कोणाचा शब्द भांडण थांबवतो, हे दोन वर्षांत सर्वांना कळते. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्टाची सेवा अधिकृत पद म्हणून स्थापन केली, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठीही. कावेरीकाठच्या खेड्यांनी जे तीन शतके वापरले, त्याला रोमने आता नाव आणि विधी दिला.

अडते कुठे?

पद्धती आहेत, शिकवण आहे, तरी दाने वाया जातात. कारणे शोधताना पुन्हा करिंथच्या पंगतीपाशीच यावे लागते. तमिळनाडूच्या कॅथलिकांत दलितांची संख्या मोठी आहे, पण निर्णयाच्या जागी ते त्या प्रमाणात नाहीत. कुंभकोणम धर्मप्रांतातल्या कोट्टपाळैयम या गावच्या दलित ख्रिस्ती लोकांनी सणात आणि धर्मग्रामाच्या कारभारात आपल्याला बरोबरीने घेतले जात नाही अशी तक्रार न्यायालयात नेली. २०२५ साली ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली आणि न्यायालयाने नोटिसा काढल्या. निकाल काय लागायचा तो लागो. राजनायकनच्या वेळी जो प्रश्न होता तोच आज न्यायाधीशांपुढे जावा लागतो, ही मंडळीसाठी दुःखाची गोष्ट आहे.

आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी हे दुरून पाहून समाधान मानू नये. अहमदनगर, जालना, सोलापूरच्या मंडळ्या ज्या महार-मांग कुटुंबांनी उभ्या केल्या त्यांच्यातल्या किती उपदेशकांची आणि बायबल स्त्रियांची नावे आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात आहेत? स्त्रियांच्या बाबतीत चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली पहिल्या स्त्री पाळकाला दीक्षा दिली. तरी आजही अनेक ठिकाणी स्वयंपाक आणि सजावट हेच स्त्रियांचे दान समजले जाते. तरुणांना गिटार दिले जाते, हिशेबाची वही दाखवली जात नाही. तिसरे कारण पदाचे. पाळक एकटाच शिकवतो, एकटाच भेटी देतो, एकटाच निर्णय घेतो. मंडळी त्याला थोर म्हणते आणि स्वतः प्रेक्षक होते. इफिसकरांस पत्रात पाळक दिला आहे तो इतरांना सेवेसाठी तयार करायला.

निवाडा

आढाव्यातून निघणारे उत्तर मला असे दिसते. कृपादान बहुतेक वेळा गरजेच्या ठिकाणी, काम करता करता सापडते. त्याची खात्री इतरांच्या साक्षीने होते, एकट्याच्या भावनेने नाही. त्याला पारख लागते, अगदी थोर माणसाच्या दानालाही. आणि मंडळी जितकी पंगतभेद पाळते तितकी ती आपल्याला मिळालेल्या दानांना आंधळी होते. राजनायकनमध्ये पाळकाचे दान नव्हते असे कोणी म्हणणार नाही. उणीव त्याच्या भोवतीच्या मंडळीत होती.

म्हणून पाळकांना, धर्मगुरूंना आणि वडीलजनांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी कृपादानांवर शिबिर घेण्याआधी मंडळीची यादी हातात घ्या. गेल्या पाच वर्षांत ज्यांनी एकदाही वाचन केले नाही, प्रार्थना चालवली नाही, समितीत बसले नाही, अशा नावांपुढे खूण करा. ती नावे कोणत्या वस्तीतली आहेत, कोणत्या जातीची, किती स्त्रियांची, किती गरिबांची, हे पाहा. मग त्यांच्यातल्या दहा जणांना एकेक खरे काम द्या, एक वर्षभर द्या, चुकले तर सांभाळून घ्या आणि वर्षाच्या शेवटी सर्वांसमोर त्यांच्या कामाची साक्ष ऐका. दाने शोधायला याहून वेगळा सर्वेक्षणाचा कागद लागणार नाही.